वाढीव मिनिटं

१

विनिता वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई पुतळाबाई अजूनही मासळीबाजारात बसते. विनिता बाजारात बसली नाही, तिने कॅमेऱ्यासमोर मासे करायला घेतले. मी सुयोग, बोरिवलीचा. आम्ही कॉलेजात बरोबर होतो आणि तिच्या चॅनेलचं एडिटिंग मी करतो. तिसरा प्रज्योत, विनिताचा मामेभाऊ. कॅमेरा त्याचा, लाइट त्याचे आणि शूट संपल्यावर पातेल्यात उरलेलं कालवणही त्याचंच.

कोळीवाड्यातल्या घरात शूट करणं जमेना. एका बाजूला बोटीचं इंजिन दुरुस्त होतंय, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी हळदीचा डीजे. म्हणून आम्ही मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक लहानसा गाळा भाड्याने घेतला. पूर्वी तिथे बटणं की काहीतरी बनायचं. एका भिंतीला ओटा, गॅस, सिंक, मागे निळ्या टाइल्स आणि वर घड्याळ. व्हिडिओत दिसणारं आमचं स्वयंपाकघर तेवढंच. बाकी उघडा सिमेंटचा गाळा, बाजूच्या भिंतीला फ्रिज आणि ओट्यासमोर लोखंडी शटर. शटरबाहेर लांबलचक पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला माल चढवायची लिफ्ट.

दिवसभर राबून तीन रील व्हायच्या आणि त्या आठवड्यात संपून जायच्या. आम्हाला एका मसाल्याच्या कंपनीचं काम होतं. तिथली प्रांजल सारखी फोन करायची.

"सुयोग, उद्या काय टाकतोय आपण?"

"उद्या काही नाही. परवा शूट आहे."

"अरे असं नाही चालत ना. रोज दिसायला हवं. लोक विसरतात."

तेव्हा मला सुचलं की माझा जुना, काच तडकलेला फोन फ्रिजवर उभा करून ठेवायचा. आल्यापासून जाईपर्यंत तो आपला चालू. दोन टेकच्या मधे जे काही होतं, सांडलवंड, भांडणं, चहा, तेसुद्धा दाखवायचं. पडद्यामागचं. नवीन शूट न करता व्हिडिओ वाढवायचे.

पहिल्याच आठवड्यात सरंग्याचा तुकडा विनिताच्या हातून सटकून सिंकमध्ये गेला आणि तिने अशी शिवी हासडली, की प्रज्योतच्या हातातला लाइट हलला. मी शिवी अर्धी बीप केली आणि टाकून दिली. मूळ रेसिपी मागे पडली, ती क्लिप तिच्या दुपटीने चालली. एका शूटमधून आठ-दहा व्हिडिओ निघायला लागले. प्रांजल खूश, विनिता खूश. एकदम झकास चाललं होतं.

२

त्या गुरुवारी बोंबलाचं शूट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसलो.

माझं काम साधं असतं. प्रज्योत प्रत्येक टेकच्या आधी टाळी वाजवतो. त्याच्या कॅमेऱ्यातली टाळी आणि फ्रिजवरच्या फोनमधली टाळी एकाखाली एक लावली, की दोन्हीकडचं फुटेज जुळतं. फरक एवढाच, की त्याचा कॅमेरा टेकपुरता चालतो आणि फोन अखंड.

अर्ध्यापर्यंत सगळ्या टाळ्या जुळल्या. मग एक जुळेना. कॅमेऱ्याच्या फाइलींवर वेळ पडलेली असते. तिच्याप्रमाणे दोन टेकच्या मधे जेमतेम मिनिटभर गेलं होतं. फोनमध्ये मात्र तेच अंतर कितीतरी लांब होतं. पुढच्या टाळ्या पुन्हा बरोबर होत्या. मधेच काही मिनिटं जास्तीची आली होती.

मी तो तुकडा चालवला.

विनिता ओटा पुसत होती. प्रज्योत फुंकर मारून लेन्स साफ करत होता. मी स्टुलावर बसून फोन बघत होतो. मग विनिताने फडका खाली ठेवला. प्रज्योतने लेन्सला झाकण लावलं. मी फोन खिशात टाकला. आणि आम्ही तिघं शटरकडे तोंड करून उभे राहिलो.

कोणी बोललं नाही. हात खाली सोडलेले, माना सरळ. लग्नाच्या हॉलमध्ये मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी माणसं उभी असतात, तसे. बराच वेळ. मग विनिताने परत फडका उचलला, प्रज्योतने झाकण काढलं, मी स्टुलावर बसलो. टाळी वाजली.

मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. आता आणखी दिसायला लागलं. गॅसवरच्या पातेल्यातून वाफ येत होती, पण उकळण्याचा आवाज नव्हता. आमच्या कपड्यांची सळसळ ऐकू येत होती, पातेलं मात्र मुकं. आणि टाइल्सवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पुढे सरकत नव्हता. एकाच जागी थरथरत होता.

मी स्वतःला समजावलं. जुना फोन आहे, तापतो, फ्रेमा गोंधळतात. घड्याळाचा सेल उतरला असेल. आणि आपण शटरकडे बघत उभे असू, बाहेर कोणीतरी हाक मारली असेल. दिवसभरातलं सगळं थोडंच लक्षात राहतं?

पण त्यात तीन माणसं इतकी गप्प उभी होती, की बघताना गंमत वाटत होती. मी ते थोडं वेगवान केलं, खाली लिहिलं, 'डिलिव्हरीवाल्याची वाट बघताना आमची टीम', आणि टाकून दिलं. तोपर्यंतची सगळ्यात जास्त चाललेली रील ती ठरली.

विनिताचा मेसेज आला. "हे कधी केलं आपण?" पुढे हसणारे चेहरे.

३

पुढच्या शूटच्या फुटेजमध्येही मी आधी टाळ्या लावून बघितल्या. एका ठिकाणी परत जागा मोकळी राहिली. या वेळचा तुकडा जास्त लांब होता.

आम्ही उभे राहिलो. आणि शटरच्या पलीकडून, लांबून, दोर करकरल्याचा आवाज आला. मग जाळीचं दार बाजूला सरकल्याचा खडखडाट. लिफ्ट वर आली होती.

त्या इमारतीत आम्ही वर्षभर येत होतो. लिफ्टचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, कारण ती बंदच होती. दाराला पत्रा ठोकलेला होता.

खडखडाटानंतर पॅसेजमधून दुसरा आवाज सुरू झाला. पावलं नव्हती ती. जड गोणी थोडी ओढायची, दम घ्यायचा, परत ओढायची, असं काहीतरी. तो आवाज शटरपर्यंत पोचायच्या आत थांबला. मग फुटेजमध्ये मी आणि प्रज्योतने, दोघांनी एकदमच, माना वळवून विनिताकडे पाहिलं.

विनिताने ॲप्रनला हात पुसले. केस कानामागे सारले. दवाखान्यात आपलं नाव पुकारल्यावर माणूस उठताना करतो, तसं.

मग सगळं पूर्ववत. टाळी.

मी त्याच दुपारी मरोळला गेलो. खाली वॉचमन मोबाइलवर मॅच बघत होता.

"लिफ्ट चालू केली का हो?"

"कुठली लिफ्ट? पत्रा मारलाय ना तिला." त्याने मान वर केली नाही.

मी वर जाऊन बघितलं. पत्र्याचे खिळे गंजलेले होते आणि कोपऱ्यातली जळमटं जागच्या जागी होती. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकची झाकणं पॅक करणाऱ्या बायका मोठमोठ्याने हसत होत्या. पॅसेज म्हणजे नेहमीचाच पॅसेज. तरी मी परत जिन्याकडे जाताना भिंतीच्या बाजूने चाललो. मधून चालायला नको वाटलं.

प्रज्योतला खालच्या टपरीवर बोलावून तुकडा दाखवला. त्याने हेडफोन लावून सगळा बघितला आणि काढून टेबलावर ठेवला.

"आवाज तू टाकलायस."

"आईशप्पथ नाही."

"मग मी असा का बघतोय विनीकडे?"

"मला विचारतोस? मीपण बघतोयच की."

चहावर साय धरली तरी त्याने पेल्याला हात लावला नाही. "मला यातलं काही आठवत नाही यार," तो म्हणाला. "तिला नको दाखवू आत्ता. आधी फोन चेक करू."

४

विनिताला सांगितलं की फोन नीट रेकॉर्ड करत नाही, जरा टेस्ट करायची आहे. ती लसूण घेऊनच आली. "बसल्या बसल्या सोलून होईल," म्हणाली.

मी फोन फ्रिजवर ठेवला आणि केबलने लॅपटॉपला जोडला. फोनला जे दिसत होतं ते मला समोर स्क्रीनवर दिसत होतं. प्रज्योतच्या कॅमेऱ्याचं काही काम नव्हतं. आम्ही तिघं नुसते बसलो. विनिता लसूण सोलत कोळीवाड्यातल्या कुणाच्या तरी मोडलेल्या साखरपुड्याची गोष्ट सांगत होती. प्रज्योत मधेमधे "मग?" म्हणत होता. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी बघत राहिलो. कोणी उठलं नाही. कोणी शटरकडे पाहिलं नाही. शेवटी मी रेकॉर्डिंग थांबवलं तेव्हा माझा शर्ट घामाने भिजला होता आणि मला हसू येत होतं. प्रज्योतही हसला. "बघ, काही नाही. उगाच वाट लागली होती आपली."

विनिता लसणाची पिशवी घेऊन निघून गेली. मग मी फाइल उघडली.

ती असायला हवी होती त्यापेक्षा लांब होती.

मी तिथे बघायचं धाडस केलं नाही. घरी गेलो, हॉलमध्ये सगळे असताना सोफ्यावर बसलो आणि कानात हेडफोन घालून बघितली.

साखरपुड्याची गोष्ट मधेच थांबली. विनिताने लसूण बाजूला ठेवला. आम्ही उभे राहिलो. लिफ्ट आली, जाळी सरकली, ओढण्याचा आवाज सुरू झाला. या वेळी तो शटरपर्यंत आला. मग प्रज्योत पुढे झाला आणि वाकून त्याने शटरची आतली कडी काढली. आणि मी विनिताचं मनगट धरलं.

मी तिला शटरकडे घेऊन चाललो. ती ओढली जात नव्हती, पण स्वतःहून चालतही नव्हती. तिच्या चपला जमिनीला घासत होत्या. फ्रिजवरून माझा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्यावर राग नव्हता, भीती नव्हती. रात्री झोपायच्या आधी कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवायला जाणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा होता तो.

शटरच्या पत्र्यावर बाहेरून काहीतरी घासलं. खालपासून वरपर्यंत, सावकाश.

मग आम्ही वळलो, जागेवर आलो. प्रज्योतने कडी लावली. विनिताने लसूण उचलला आणि म्हणाली, "तर मग त्या मुलाच्या बापाने काय करावं?"

मी हेडफोन काढले. स्क्रीनवर लाइव्ह बघत होतो, तेव्हा यातलं काहीच झालं नव्हतं. हे त्या दुपारच्या मधे कुठेतरी घुसवलेलं होतं, आणि त्या जागेत आम्ही होतो.

५

दुसऱ्या दिवशी प्रांजलचा फोन आला. नारळी पौर्णिमेसाठी कंपनीला मोठा व्हिडिओ हवा होता. "रेसिपी नको. नुसतं पडद्यामागचं, पूर्ण. लोकांना तेच आवडतंय. विनिता हो म्हणालीय."

विनिता हो म्हणणारच होती. हे काम झालं तर पुतळाबाईला बाजारात बसायला लागणार नव्हतं. विनिता हे आम्हाला कितीदा तरी बोलून दाखवायची, आणि आईला एकदाही नाही.

मी वर्सोव्याला गेलो. धक्क्यावरून मढला जाणारी बोट नुकतीच सुटली होती. बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीखाली विनिता बसली होती. मी काही न बोलता फोन तिच्या हातात दिला आणि तिन्ही तुकडे दाखवले. शेवटचा तिने दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना तिने नकळत आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"मी ओरडत का नाही?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"तू मला का नेतोयस?"

"विनी, मला खरंच माहीत नाही. मी तिथे असल्याचं मला आठवतच नाही. मी गाळा सोडायचा विचार करतोय. आजच्या आज. फोन फेकून देऊ."

ती बोटीकडे बघत राहिली.

"हे फोनमुळे होतंय असं वाटतं तुला?" शेवटी ती म्हणाली. "फोनमुळे दिसतंय फक्त. फोन ठेवायच्या आधीपण होत असेल. वर्षभर होत असेल. गाळा सोडला आणि तरी होत राहिलं तर? मग तर दिसणारपण नाही."

हे मला सुचलंच नव्हतं.

"मग काय करायचं?"

"एक शूट अजून करायचं. फोन लावून. त्यात तू माझा हात सोडायचा."

"पण मला तिथलं काही आठवतच नाही, तर मी तिथे जाऊन कसं—"

"आठवायला कशाला लागतं?" ती चिडली. "मी झोपेतपण बोंबील साफ करीन. हात करतात आपोआप. तसं तू इथे पक्कं ठरव. इतकं पक्कं, की तिथे गेल्यावर तू विसरलास तरी तुझा हात विसरणार नाही. आणि नसेल जमणार तर आत्ता सांग. मी दुसरं कुणीतरी बघते."

"जमेल," मी म्हणालो.

"असं नको बोलू. नीट बोल."

मी तिच्याकडे बघून सांगितलं, "विनी, मी तुला त्या शटरपाशी नेणार नाही."

तिने मान हलवली आणि फोन परत दिला.

६

शूट सकाळी लवकर सुरू केलं. शटर अर्धं उघडं ठेवायचं असं प्रज्योत म्हणत होता, पण विनिताने ते खाली ओढायला लावलं. "नेहमीसारखंच ठेव."

प्रज्योतला सगळं सांगितलं होतं. तो एरवी बडबड करतो, त्या दिवशी एकच वाक्य धरून होता. "कडी काढायची नाही. बस." लाइट लावताना, वायर गुंडाळताना, तोंडातल्या तोंडात तेच. मीही माझं चालू ठेवलं होतं. हात सोडायचा. हात सोडायचा. पाणी पिताना, टाळीच्या आधी, टाळीच्या नंतर. असं घोकता घोकता शब्दांना अर्थ राहत नाही, त्याचीही भीती वाटत होती.

बाकी शूट नेहमीसारखं झालं. नारळाचा भात, तळलेली कोलंबी. विनिता कॅमेऱ्यासमोर हसली, मधे चिडली, एकदा मीठ विसरली. शेजारच्या गाळ्यातून बायकांची गाणी ऐकू येत होती. कोणी शटरकडे पाहिलं नाही. मला कुठे झापड आली नाही, मधेच काही तुटल्यासारखं वाटलं नाही. ऊन खिडकीवरून सरकून गेलं आणि आम्ही आवरलं.

फाइल तिथे उघडायची नाही असं ठरलं होतं. आम्ही रिक्षा करून थेट विनिताच्या घरी गेलो. पुतळाबाई दारात कोलंबी सोलत बसली होती. समोरच्या अंगणात पोरं कॅरम खेळत होती. आम्ही तिघं आतल्या कॉटवर लॅपटॉप घेऊन बसलो. मी टाळ्या लावल्या. मोकळी जागा लगेच सापडली. ती आतापर्यंतची सगळ्यात लांब होती.

"लाव," विनिता म्हणाली.

भात गॅसवर होता. वाफ होती, आवाज नव्हता. आम्ही उभे राहिलो. दोर करकरला. जाळी सरकली. ओढण्याचा आवाज आला तो न थांबता आला, जणू आता रस्ता सवयीचा झाला होता. शटरपाशी येऊन थांबला.

प्रज्योत पुढे झाला. कडीपाशी वाकला. कडीवर हात ठेवला.

माझ्या शेजारी बसलेला खरा प्रज्योत पुटपुटत होता, "नको. नको ना."

फुटेजमधला तसाच वाकून राहिला. मग त्याने कडी काढली.

शटर बाहेरून वर उचललं गेलं. वीतभर. खालच्या फटीतून एक हात आत आला आणि जमिनीवर थांबला. उताणा. तळवा वर. बाजारात सुट्टे परत घ्यायला पुढे करतात तसा, शांत, घाई नसलेला. हात माणसाचाच होता. फक्त बोटांवर सांध्यांच्या रेषा नव्हत्या. तळव्यावरही नव्हत्या. सगळा गुळगुळीत.

मी विनिताचं मनगट धरलं आणि चालायला लागलो.

कॉटवर बसलेल्या विनिताने श्वास घेतला तो सोडला नाही. मला स्क्रीन बंद करावीशी वाटत होती आणि बोट हलत नव्हतं. माझा चेहरा तोच होता, कचऱ्याचा डबा घेऊन निघालेला. पाऊल. पाऊल. तिच्या चपला घासत होत्या. जमिनीवरच्या त्या हाताच्या अगदी जवळ आम्ही आलो आणि त्याची बोटं थोडी उघडली.

तिथे मी थांबलो.

चेहऱ्यावर काही बदललं नाही. पण माझा हात थरथरायला लागला. खांद्यापासून खाली, एखाद्याने आतून पिळल्यासारखा. मी त्याच्याकडे बघितलं, हा हात कोणाचा असं बघतात तसं. आणि तो सुटला.

विनिताचं मनगट मोकळं झालं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग खाली बसली, दोन्ही हातांनी शटरची कडा धरली आणि अंगाचं सगळं वजन टाकून खाली ओढली. शटर त्या हातावर अडकलं. प्रज्योत धावला आणि त्याने कडेवर पाय दिला. मीही दिला. तिघं मिळून आम्ही दाबत होतो, तोंडं उघडी होती, पण ओरडण्याचा आवाज नव्हता. पलीकडून काही ढकललं जात नव्हतं. हात तसाच होता, मागणारा.

मग तो मागे गेला. सावकाश, जसा आला तसा. शटर धाडकन खाली बसलं. प्रज्योतने कडी लावली आणि कडीवर तळहात दाबून धरला.

ओढण्याचा आवाज परत निघाला, आता लांब जाणारा. मधे दम घेणारा. जाळी सरकली. दोर करकरला, आणि बराच वेळ करकरत राहिला, तीन मजल्यांना लागायला हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग ऐकू येईनासा झाला.

त्यानंतर जे दिसलं ते आधीच्या कुठल्याच तुकड्यात नव्हतं. आम्ही लगेच जागेवर गेलो नाही. फुटेजमधली विनिता शटरला पाठ लावून जमिनीवर बसली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पोटरीवर जोरात एक चापट मारली. आणि फुटेजमधला मी हसलो. तो चेहरा माझा होता.

मग आम्ही जागेवर गेलो आणि भाताचं उकळणं एकदम ऐकू आलं. घड्याळाचा काटा पुढे सरकला. टाळी वाजली.

कॉटवरची विनिता रडायला लागली, मोठ्याने, लहान पोरीसारखी, आणि रडता रडता प्रज्योतला बुक्के मारायला लागली. "कडी का काढलीस? कडी का काढलीस मेल्या?"

"पण लावली ना परत! लावली ना!" तोही रडत होता.

पुतळाबाई कोलंबीचे हात तसेच घेऊन आत आली. "काय झाला गो?"

"काही नाही गं आये," विनिता नाक पुसत म्हणाली. "बरं झालं. सगळं बरं झालं."

७

गाळा आम्ही त्याच आठवड्यात सोडला. सामान काढताना शेजारच्या बायका मदतीला आल्या. शटर उघडलं, तेव्हा पॅसेजमध्ये ऊन आलं होतं आणि कोणीतरी वाळत घातलेली ओढणी होती. लिफ्टचा पत्रा तसाच होता. आता तिथे कोण आहे ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारायला गेलो नाही.

डिलिव्हरीवाल्याची रील मी काढून टाकली. प्रांजल वैतागली, "अरे, ती सगळ्यात जास्त चाललेली!" शेवटी विनितानेच तिला सांगितलं, की पौर्णिमेचा व्हिडिओ मिळेल, पण नवीन शूट करून. आणि पडद्यामागचंही मिळेल, पण उघड्यावरचं.

विनिताची मावशी मनोरीला राहते. मार्व्याहून बोटीने पातेली, मासे, लाइट आणि पुतळाबाई असं सगळं घेऊन आम्ही पलीकडे गेलो. मावशीच्या अंगणात चूल मांडली. जुना फोन मी विहिरीच्या कठड्यावर उभा केला. ठेवताना हात जरा थांबला. विनिताने ते पाहिलं आणि म्हणाली, "ठेव. दिसू दे."

दिवसभर कोंबड्या फ्रेममध्ये येत होत्या. पुतळाबाई कॅमेऱ्याकडे पाठ करूनच बसायची आणि विनिताच्या प्रत्येक गोष्टीत चूक काढायची. प्रज्योतने अर्धी कोलंबी टेकच्या आधीच संपवली.

रात्रीपर्यंत धीर धरवेना म्हणून मी तिथेच, मावशीच्या दारातल्या ओट्यावर बसून, टाळ्या लावल्या. पहिली जुळली. दुसरी जुळली. एकेक करत सगळ्या जुळल्या. शेवटच्या टाळीपाशी मी पुन्हा मागे गेलो आणि परत तपासलं. कुठेच मोकळी जागा नव्हती.

विनिता मागे येऊन उभी राहिली होती. "आहे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

ती माझ्या शेजारी टेकली. मी फुटेज सुरुवातीपासून लावलं आणि आम्ही ते पुढे न पळवता बघत बसलो. कोंबड्या आल्या, गेल्या. कोणी पाणी आणलं. प्रज्योत वायर शोधत अंगणभर फिरला आणि ती त्याच्या खांद्यावर होती. मधे बराच वेळ नुसती चूल जळत होती आणि भात रटरटत होता, एवढंच. इतकं कंटाळवाणं फुटेज मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आम्ही ते शेवटपर्यंत पाहिलं.